हिच्या रिटायरमेंटची पार्टी: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

हिची रिटायरमेंट फेब्रुवारीअखेर. ३४ वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. पार्टी २२ फेब्रुवारीला ठरली, वेळ दुपारी ४ ते रात्री ८, माणसं साधारण साठ. दोघी मुलींनी सगळं स्वतःच्या अंगावर घेतलंय आणि नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे दिलंय. थोरली सॉफ्टवेअरमध्ये आहे, धाकटी डिझाइनचं काम करते, दोघी दुसऱ्या शहरात राहतात आणि आता दर शनिवार-रविवार घरी येणार आहेत. हिला पार्टी आहे हे माहितीये, पण आतली खोली हिच्यासाठी बंद, दारावर चिठ्ठी लावलीये.

आज पहिली बैठक झाली. थीम ठरवायला वेळच लागला नाही, झाडं-पानं हे उघडच होतं. पण धाकटीने एक अट घातली ती मला फार आवडली. म्हणाली, सजावटीत जे पान, जे फूल येईल ते खरं पाहिजे, म्हणजे पाकळ्या किती, पानं समोरासमोर की एकाआड एक, हे सगळं बरोबर पाहिजे, कारण आई लांबूनसुद्धा ओळखेल आणि तोंडाने काही बोलणार नाही पण तिला खटकेल. थोरलीने लगेच शीटमध्ये एक कॉलम वाढवला, "आईने तपासलं तर पास?". ग्लिटर नाही, तो बारीक प्लास्टिकचा चुरा असतो आणि पुढे कायम कुठेतरी उरतो. थर्माकोल नाही. फुगेही नाहीत, त्याचं कारण पुढच्या नोंदीत लिहितो.

११ जानेवारी

पाहुण्यांची यादी. मला वाटलं होतं हे काम थोरलीचं असेल, शीट तिचीच आहे, पण माणसं कुठे बसवायची हे सगळं धाकटीने केलं आणि ते तिने ज्या बारकाईने केलं ते मी शेजारी बसून बघत होतो. प्रत्येक नावापुढे एक ओळ. एका पाहुणीला लॅटेक्सची, म्हणजे फुग्याच्या रबराची, अॅलर्जी आहे, शिवाय हिच्या एका जुन्या सहकाऱ्यांना अचानक मोठा आवाज झाला की त्रास होतो, म्हणून फुगे पहिल्याच दिवशी बाद. हिची मोठी बहीण कानाने कमी ऐकते, तर तिची खुर्ची भिंतीला पाठ लावून, स्पीकरपासून लांब, आणि समोर बसणाऱ्यांच्या तोंडावर उजेड पडेल अशी, कारण ती बरंचसं ओठांवरून समजून घेते. आमच्या घरात मावशीच्या कानांबद्दल सगळ्यांना माहितीये पण उजेड कुठून येतो याचा विचार आजपर्यंत कुणी केला नव्हता. टेबलं गोल घ्यायची हेही त्यातूनच ठरलं, गोल टेबलावर सगळ्यांचे चेहरे दिसतात.

टेबलांना नंबर द्यायचे नाहीत, वनस्पतींच्या कुळांची नावं द्यायची. आणि ती उगाच नाही लावलेली, शिंबावंतांच्या, म्हणजे तूर-हरभऱ्याच्या कुळाच्या टेबलावर हिच्या डिपार्टमेंटमधले सगळे, कारण त्या झाडांच्या मुळांवर गाठी असतात, त्यात जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल असा करून देतात. धाकटी म्हणाली आईचं डिपार्टमेंट असंच चाललं, एकमेकांना खाऊ घालत.

१८ जानेवारी

आमंत्रणपत्रिका सायनोटाइपने करतायत. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी लिहितो. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड अशी दोन द्रावणं, सारखी सारखी मिसळायची, ब्रशने कागदाला लावायची, अंधारात वाळवायची. कागद पिवळसर हिरवा दिसतो. त्यावर पान ठेवून उन्हात धरला की जिथे ऊन लागतं तिथे रंग बदलतो, मग साध्या पाण्यात धुतला की पान पांढरं आणि बाकी सगळं गडद निळं. हे इंग्लंडचे शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलं आणि पुढे इंजिनिअर लोकांचे निळे नकाशे याच पद्धतीने निघायचे.

पहिल्या प्रिंट फिक्या आल्या. दोघींनी वैतागायच्या ऐवजी कारण शोधलं, कागद बफर केलेला होता म्हणजे त्यात चुन्यासारखा अल्कली पदार्थ घातलेला असतो, कागद टिकावा म्हणून. पण सायनोटाइपचा निळा रंग अल्कलीत उडतो. दुसरा कागद घेतला, ३०० जीएसएमचा म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम, बफर नसलेला, आणि रंग असा काही उतरला की थोरली ओरडलीच. दुसरी अडचण पानांच्या कडा धूसर येत होत्या, पान कागदाला पूर्ण चिकटत नव्हतं. त्यावर काच ठेवून चारी बाजूंनी क्लिपा लावल्या, कडा सुरीसारख्या आल्या.

जाड पान ठेवलं तर नुसता पांढरा आकार येतो, शिरा दिसत नाहीत. फर्न उत्तम येतं. आणि जाळी पडलेलं पान, नुसत्या शिरा उरलेलं, त्याची प्रिंट बघून मी पाच मिनिटं हातातून सोडली नाही, एकेक बारीक शीर दिसत होती, टाचणीने ओढल्यासारखी.

२५ जानेवारी

सगळी कार्डं झाली. ए६ साइझ, १०५ बाय १४८ मिलिमीटर, सी६ पाकिटात बरोबर बसतं. थोरलीने वजनाचा हिशोबही मांडला, ए० म्हणजे एक चौरस मीटर, ए६ त्याचा चौसष्टावा भाग, म्हणजे ३०० जीएसएमचं कार्ड पावणेपाच ग्रॅमच्या आसपास. हिशोबाचं हे असलं सुख तिला लहानपणापासून आहे.

प्रत्येक कार्डावर वेगळं पान आहे. नुसतं वेगळं नाही, ज्याला कार्ड जाणार त्याच्याशी त्याचा संबंध आहे, कुणाच्या दारात जे झाड आहे ते, कुणी पीएचडी ज्या वनस्पतीवर केली ती. हे सगळं फोन करून विचारून घेतलं, आणि का विचारतोय हे न सांगता. वयस्कर पाहुण्यांच्या कार्डावर मजकूर मोठ्या अक्षरात. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत एक सूचना, कार्ड उन्हाने फिकं पडलं तर काही दिवस अंधारात ठेवा, निळा रंग परत येईल. हे खरंच होतं, धाकटीने एक कार्ड उन्हात ठेवून मग कपाटात ठेवून बघितलं आणि मगच ती ओळ छापली.

रात्री धाकटीने अॅना अॅटकिन्स यांच्याबद्दल सांगितलं. १८४३ पासून त्यांनी समुद्रशैवालांच्या सायनोटाइप प्रिंट काढून पुस्तकाचे भाग काढायला सुरुवात केली, फोटोंनी सजवलेलं जगातलं पहिलं पुस्तक ते मानतात. पण माझ्या मनात राहिलं ते दुसरंच. त्या लहान असताना आई गेली, वडिलांनी वाढवलं, वडील स्वतः शास्त्रज्ञ, आणि शंखशिंपल्यांवरच्या एका ग्रंथाचं त्यांनी भाषांतर केलं तेव्हा त्यातली चित्रं मुलीने काढली. त्या वडिलांना ती चित्रं पहिल्यांदा बघताना काय वाटलं असेल ते मला या आठवड्यात नीट कळतंय.

३१ जानेवारी

क्रेप कागदाची फुलं. क्रेपला सुरकुत्या असतात, कागद ताणला जातो तो त्या सुरकुत्यांच्या आडव्या दिशेने, म्हणून पाकळी कापताना सुरकुत्या देठाकडून टोकाकडे गेल्या पाहिजेत. मग दोन्ही अंगठे मधोमध ठेवून हळूच बाहेर ताणायचं, पाकळीला खोलगटपणा येतो. उलटी कापली की ती मेल्यासारखी सपाट राहते. थोरलीने आयुष्यात क्राफ्ट केलेलं नाही, शाळेत असतानाही क्राफ्टच्या वहीचं काम धाकटी करून द्यायची, आणि आज तिच्या हातच्या पाकळ्या धाकटीपेक्षा एकसारख्या होत होत्या. धाकटीने स्वतःच कात्री तिच्या हातात दिली आणि म्हणाली ताई आता कापायचं तूच, मी जोडते.

जास्वंद बघण्यासारखी झाली. पाच पाकळ्या हे कुणीही करेल. पण जास्वंदीचे पुंकेसर सुटे नसतात, सगळ्यांचे दांडे जुळून एक नळी होते, त्या नळीच्या आतून स्त्रीकेसराचा दांडा वर येतो आणि टोकाला त्याच्या पाच फांद्या होतात, प्रत्येकीवर लाल गोंडा. धाकटीने तारेभोवती कागद गुंडाळून नळी केली, तिला बाजूने दोऱ्याचे बारीक तुकडे चिकटवले, प्रत्येकाच्या टोकाला पिवळी रवाळ पूड, आणि वर पाच गोंडे. खऱ्या फुलाशेजारी ठेवून करत होती, मान दुखेपर्यंत. ग्लू गन कमी तापमानाची वापरली कारण जास्त तापमानाची बोटं भाजते.

धाकटीच्या टेबलासमोर मेरी डेलनी यांच्या एका कागदी फुलाचं प्रिंट लावलंय. त्या १७०० साली जन्मल्या आणि कागदाची फुलं कापायला लागल्या तेव्हा ७२ वर्षांच्या होत्या. काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत कागदाचे शेकडो बारीक तुकडे लावून वनस्पती हुबेहूब, पुढच्या दहा वर्षांत जवळजवळ हजार केल्या, डोळ्यांनी साथ सोडली तेव्हाच थांबल्या. आज त्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. धाकटी म्हणाली आईला रिटायरमेंटचं जे काही सांगायचंय ते आम्ही भाषणात नाही सांगणार, भिंत काळी करणार.

८ फेब्रुवारी

भिंत म्हणजे या सगळ्याचा गाभा. काळ्या कापडावर ३४ गोल चकत्या, एकेका वर्षाची एकेक, आणि त्यांची मांडणी सूर्यफुलासारखी. प्रत्येक चकतीवर त्या वर्षाच्या बॅचचा फोटो, तोही सायनोटाइपमध्ये, फोटोची निगेटिव्ह पारदर्शक शीटवर प्रिंट करून उन्हात उतरवलेला. जुने फोटो धाकटीने माजी विद्यार्थ्यांकडून मागवले. तीन-चार वर्षांचे मिळाले नाहीत, तिथे हिच्याच जुन्या संग्रहातली त्या वर्षी दाबून ठेवलेली पानं वापरली.

मांडणी थोरलीची. सूर्यफुलात प्रत्येक नवा दाणा आधीच्यापासून १३७.५ अंश फिरून बसतो, त्यामुळे कुठे गर्दी होत नाही की फट राहत नाही, आणि डोळ्यांना वळसे दिसतात, मोठ्या फुलात बऱ्याचदा एका दिशेने ३४ आणि दुसऱ्या दिशेने ५५. मध्यापासूनचं अंतर म्हणजे क्रमांकाचं वर्गमूळ गुणिले १६ सेंटीमीटर, म्हणजे पंचविसावी चकती ८० सेंटीमीटरवर. सगळी भिंत दोन मीटरपेक्षा थोडी रुंद. तिने छोटा प्रोग्राम लिहिला, पूर्ण मापाचं टेम्प्लेट तुकड्यांत छापून जोडलं. आणि सूर्यफुलातले ३४ वळसे आणि हिच्या नोकरीची ३४ वर्षं जुळतायत हे लक्षात आल्यावर ती खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारायला लागली.

मग दोघींचा वाद झाला, मी तो जसाच्या तसा लिहितो कारण हा वाद ऐकायला मिळाला हे माझं भाग्य.

थोरलीने पहिलं वर्ष मध्यभागी ठेवलं होतं. धाकटी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, हे उलटंय. सूर्यफूल बाहेरून आत उमलतं. कडेची फुलं सगळ्यात जुनी, मधली सगळ्यात नवीन."

"पण बघणाऱ्याला मधून सुरुवात केलेली बरी वाटते. सगळे चार्ट तसेच असतात."

"बघणाऱ्याला वाटेल. आईला नाही वाटणार."

थोरली गप्प बसली, मोबाईलवर सूर्यफुलाचे जवळून काढलेले फोटो काढले, खरंच कडेची उमललेली आणि मध्ये हिरव्या कळ्या. मग एक ओळ बदलली, वर्षाच्या जागी ३५ वजा वर्ष, आणि सगळं आतून बाहेर झालं. आता बाहेरच्या कडेला हिचे पहिले विद्यार्थी, जे स्वतः आता पन्नाशीत आहेत, आणि अगदी मध्ये यावर्षीची पोरं. थोरली म्हणाली, "हे जास्त चांगलंय, नवीन मुलं मध्ये, जुने सगळे भोवती." चिडली नाही, मागे हटल्यासारखं केलं नाही, चांगलं ते उचललं. मला या दोघींचं एकमेकींच्या कामात हात घालणं आणि तो घालू देणं, हे त्यांच्या हाताच्या कसबापेक्षाही मोठं वाटतं. लहानपणी एका खडूवरून भांडायच्या.

१४ फेब्रुवारी

गेस्टबुकाच्या जागी हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह असतो तसं. हर्बेरियमची शीट साधारण ए३ एवढी असते, त्यावर वाळवलेली वनस्पती आणि उजव्या कोपऱ्यात खाली लेबल. प्रत्येक पाहुण्याला एक लेबल द्यायचं. खऱ्या लेबलावर जे असतं तेच: संकलक, तारीख, ठिकाण, वर्णन. फक्त इथे नमुना म्हणजे ही. संकलक म्हणजे पाहुणा स्वतः, ठिकाण आणि तारीख म्हणजे ती तुम्हाला पहिल्यांदा कुठे आणि केव्हा भेटली, आणि वर्णनाच्या जागी "ओळख पटवणारी खूण". लोक कोऱ्या वहीत "खूप खूप शुभेच्छा" लिहून मोकळे होतात, रकाने दिले की आठवून लिहितात, असं धाकटीचं म्हणणं. मी एक भरून बघितलं. ठिकाण लिहिताना हात थांबला, मग लिहिलं. काय लिहिलं ते हिनेच वाचावं.

कार्यक्रमाचा बोर्ड फुलांच्या घड्याळाचा. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५१ मध्ये ही कल्पना मांडली होती, कुठलं फूल किती वाजता उमलतं-मिटतं त्यावरून वेळ सांगायची. चारला गुलबाक्षी, संध्याकाळी उमलणारी मध्ये, शेवटी रातराणी. घड्याळाला काटे नाहीत.

२१ फेब्रुवारी

हॉलवर लावालावी. भिंतीला खिळे मारायचे नाहीत असा नियम, म्हणून काळं कापड लाकडी फ्रेमवर आधीच ताणून आणलं, चकत्या मागून टाचलेल्या. थोरलीने फ्रेम तीन भागांत केली होती, दारातून जावी म्हणून, दाराचं माप तिने जानेवारीतच घेतलं होतं. जोडल्यावर सांधा शोधून सापडत नाही. फ्रेमची मागची बाजू पण मी बघितली, गाठी सगळ्या एका ओळीत, प्रत्येक चकतीच्या मागे वर्ष आणि क्रमांक लिहिलेला, उद्या काढताना कुणाचंही डोकं फिरू नये म्हणून. मागची बाजू कुणीही बघणार नव्हतं.

रात्री उशिरा धाकटी मावशीच्या खुर्चीवर बसली आणि थोरली समोर बसून आवाज न करता ओठ हलवून बोलली. धाकटीला कळेना. दिवा हलवला. पुन्हा बोलली. कळलं. मग घरी आलो.

२३ फेब्रुवारी

काल पार्टी झाली. आज शांतपणे लिहितोय.

ही दारातून आली ती थेट जास्वंदीपाशी गेली. उचललं नाही, वाकली, चष्मा कपाळावर सरकवला आणि बोटाने नळीवरचे पुंकेसर बघितले, मग टोकाचे गोंडे मोजले, ओठ हलताना मला दिसले, एक दोन तीन चार पाच. मग धाकटीकडे बघून म्हणाली, "नळी केलीस?" एवढंच. धाकटीचा चेहरा मी विसरणार नाही.

भिंतीपुढे ती बराच वेळ उभी होती. लोक मागे जमले, कुणी मधून सुरुवात करून वर्षं शोधत होतं. ही कडेवर गेली, सगळ्यात बाहेरच्या चकतीपाशी, तिथे बोट ठेवलं, मग पुढची, मग पुढची, आणि अर्ध्यात वळून मोठ्याने म्हणाली, "अरे, हे बरोबर लावलंय. बाहेरून आत उमलतं ना!" आणि वर्गात सांगते तसं सगळ्यांना सूर्यफूल समजावून सांगायला लागली, एक फूल दिसतं ते खरं शेकडो फुलांचा गुच्छ असतो वगैरे, पन्नाशीतले विद्यार्थी हात बांधून ऐकत होते. थोरली मागे उभी राहून माझा दंड घट्ट धरून होती, बोलत काही नव्हती.

हिच्या बहिणीने चार तास गप्पा मारल्या. एरवी ती अशा समारंभात तासाभरात दमते आणि कोपऱ्यात जाऊन बसते, कारण ऐकायचा ताण येतो. काल भाषणं झाल्यावर तिने स्वतः उठून एक आठवण सांगितली. कारण काय ते तिला माहिती नाही, आणि मुलींनी सांगू नका असं मला बजावलंय.

लेबलं सगळ्यांनी भरली. एका माजी विद्यार्थ्याने "ओळख पटवणारी खूण" मध्ये लिहिलंय, नापास झालो तेव्हा घरी आल्या होत्या. ही वाचून आत निघून गेली, थोड्या वेळाने आली.

१ मार्च

आवराआवर संपली. चकत्या क्रमांकानुसार खोक्यात, खोक्यावर यादी. लेबलं शीटवर लावून बाइंडिंगला दिली, आम्ल नसलेला कागद, पिवळा पडू नये म्हणून. क्रेपची फुलं पाहुण्यांनी मागून नेली, जास्वंद हिने दिली नाही. सायनोटाइपची उरलेली द्रावणं वेगवेगळ्या गडद बाटल्यांत, न मिसळता, मिसळली की फार टिकत नाहीत. त्यातली एक जोडी हिने मागून घेतलीये, शेवाळं आणि फर्न यांच्या प्रिंट काढायच्या म्हणतेय, धाकटीने ब्रश आणि काच इथेच ठेवली.

निघताना मी दोघींना समोर बसवून सांगितलं. छान झालं, सुंदर झालं, असं नाही म्हटलं, ते सगळ्यांनी म्हटलंच होतं. थोरलीला सांगितलं की वाद हरल्यावर तू ज्या पद्धतीने सूत्र उलटवलंस ते मी बघितलं. धाकटीला सांगितलं की मावशीच्या खुर्चीवर बसून दिवा हलवलास ते मी बघितलं. आणि मला तुमचा फार अभिमान वाटतो. थोरली म्हणाली, "बाबा, हे नोंदीत लिही." लिहिलं.